जुन्या छापखान्यात परवडणारे स्टुडिओ: पैसा आधी कुठे घालावा?

शाईचा_ठसा

नमस्कार. लिहू की नको यात आठवडा गेला, पण आता निर्णय जवळ आलाय आणि जाणत्यांचा सल्ला हवा आहे.

आम्ही अकरा जण आहोत. तिघं मुद्राचित्रकार (ठसे कोरून प्रेसवर चित्रं छापणारे), दोघी मातीकाम करणाऱ्या, दोन चित्रकार, दोघांचा ध्वनिमुद्रणाचा छोटा व्याप, एक वाद्यं दुरुस्त करणारा आणि एक बाहुल्या घडवणारी. सध्या कुणी घराच्या बाल्कनीत काम करतं, कुणी भाड्याच्या गाळ्यात, कुणी मित्राच्या गॅरेजमध्ये. शहराच्या जुन्या भागात एक बंद छापखाना आहे. तळमजला आणि वर दोन मजले, सगळं मिळून नऊ हजार चौरस फूट. पुढचा भाग विटा-चुन्याचा, आत कडीपाट, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या टाकलेलं छत. मागची बाजू नंतर वाढवलेली, आरसीसीची, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटची. मालक कुटुंबाला विकायचं नाही आणि जागा पडून राहिलेलीही बघवत नाही. दहा वर्षांच्या कराराला ते तयार आहेत.

मी तिथे तीनदा जाऊन आले. जिन्याच्या लाकडी कठड्यावर शाईच्या बोटांचे ठसे अजून आहेत, एकावर एक, इतके की तेवढ्या जागी लाकूड काळंशार आणि गुळगुळीत झालंय. पाळी संपवून हात धुवायला उतरताना माणसं तिथेच धरत असणार. ते पाहिल्यापासून मला दुसरी जागा सुचत नाही.

ओळखीतल्या एकाने हौसेने आराखडा काढून दिला. काचेची पार्टिशन, नवी फरशी, कडीपाट झाकणारं फॉल्स सीलिंग, प्रत्येक खोलीला एसी. दिसायला सुंदर आहे. पण त्या खर्चाचं भाडं मांडून पाहिलं तर अकरापैकी सात जणांना ते पहिल्या महिन्यापासूनच झेपत नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच बाहेर. म्हणून विचारते: पैसा आधी कुठे घालायचा, आणि कशाला मुळीच हात लावायचा नाही?

चुनासुरखी

आयुष्यभर स्ट्रक्चरचं काम केलं, शेवटची पंधरा वर्षं फक्त जुन्या इमारतींचं. ताई, आराखडा बाजूला ठेवा आणि आधी इमारतीची प्रकृती तपासा. तुमच्याकडे खरं तर दोन इमारती आहेत, एकमेकींना चिकटलेल्या. दोघींना एकच औषध चालणार नाही.

पुढच्या चुन्याच्या भागाचा शत्रू म्हणजे पाणी. कडीपाटाच्या तुळया मधोमध ठणठणीत दिसतात, पण त्यांची टोकं भिंतीत शिरलेली असतात आणि सडायला सुरुवात तिथूनच होते. भिंतीलगत, तुळईच्या खालच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. लाकडाने त्याला अडवलं तर बरं. लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर त्या तुळईखाली आजच टेकू द्या. मग गच्चीवर जा. पन्हळी तुंबलेल्या आहेत का, पाण्याचे नळ भिंतीतच गळतात का, कठड्याच्या बुडाशी पिंपळ आलाय का. बहुतेक वेळा ओलीचं मूळ वरच सापडतं.

आणि एक कळकळीची विनंती. पोपडे दिसले म्हणून कुणी सिमेंटचा गिलावा मारायला सांगेल, तो मारू देऊ नका. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचं जाड कातडं चढवलं की ओल आत कोंडते, वर चढते, भिंतीवर लोणा (क्षारांची पांढरी बुरशी) फुटतो आणि शेवटी त्याच तुळयांच्या टोकांपर्यंत पोचते. आधीच कुणी सिमेंट मारलं असेल तर ते खरवडून काढा, विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्याने भरा आणि भिंतीला सुकायला वेळ द्या. या कामाला पैसा कमी लागतो, महिने जास्त लागतात.

मागच्या आरसीसीला हातोडीने ठोकत फिरा. टणत्कार आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे सळईवरचं काँक्रीट सुटलंय. लोखंड गंजलं की मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. तिथे रीबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक आणि कार्बोनेशनची चाचणी करून घ्या. काँक्रीट किती टणक आहे, आत पोकळ्या आहेत का आणि ते सळईला गंजण्यापासून अजून वाचवतंय का, हे त्यातून कळतं. पूर्ण नूतनीकरणाच्या खर्चापुढे या चाचण्यांचा खर्च किरकोळ असतो, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर टेकणार आहे.

खिडकीपाशी

चुनासुरखी काकांशी शंभर टक्के सहमत. मी आर्किटेक्ट आहे, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे कशाला हात लावायचा नाही, खूप मोल आहे असं मला वाटतं.

फ्रान्समधले वास्तुतज्ज्ञ आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांना १९९६ साली बोर्दोतला एक छोटा चौक सुशोभित करायचं काम मिळालं. त्यांनी तिथे वेळ काढला, रहिवाशांशी बोलले आणि सांगितलं की चौक आहे तसाच छान आहे. झाडांची निगा राखा, खाली नवी खडी पसरा, झाडलोट नीट करा, बस. पुढे पॅरिसमधल्या पॅले द टोक्यो या १९३७ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या वास्तूत त्यांनी समकालीन कलेसाठी जागा केली, ती २००२ मध्ये उघडली. तिथेही भिंती उघड्या, छत उघडं. पैसा सुरक्षितता, वीज आणि माणसांच्या ये-जा करण्यावर घातला. वास्तुकलेतलं मानाचं, २०२१ चं प्रिट्झकर पारितोषिक या दोघांना मिळालं ते याच विचारसरणीसाठी. जे आहे ते पाडू नका, त्यात भर घाला.

तुमच्या छापखान्याला तेच लागू करा. फॉल्स सीलिंग रद्द, म्हणजे उंची आणि हवा फुकट मिळाली. फरशी तशीच. पार्टिशन काचेचं नको, प्लायचं किंवा विटांचं, सात-आठ फूट उंच, वर मोकळं. मात्र खिडक्या एकूण एक दुरुस्त करा. उत्तरेचा उजेड कुठल्या खोल्यांना मिळतो ते आधी पाहा आणि त्या चित्रकारांना द्या, कारण दिवसभर तो फारसा बदलत नाही आणि उन्हाची तिरीप कागदावर येत नाही. बीजिंगच्या ७९८ या आता कलेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भागातला कारखाना पूर्व जर्मनीच्या वास्तुतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात आखला, करवतीच्या दातांसारखं छप्पर आणि उत्तरेकडे काचा. उजेड कामगारांसाठी आणला होता, पुढे चित्रकार आले तेव्हा त्यांना तो आयता मिळाला. छापखान्यातही जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांना, बारीक अक्षरं दिसावीत म्हणून खिडक्या मोठ्या असतात. त्या विटांनी बुजवल्या असतील तर आधी त्या उघडा.

चाकावरची_माती

मी मातीकाम करते, बारा वर्षं सामायिक स्टुडिओत आहे. तुमच्या दोघी मैत्रिणींच्या वतीने बोलते.

माती जड असते हे सगळे जाणतात, पण किती ते कुणी मोजत नाही. राहत्या घराच्या जमिनीवर साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, ऑफिसला त्याहून थोडा जास्त, आणि हलक्या कारखान्याला ५०० च्या घरात. मध्यम आकाराची विजेची भट्टी काहीशे किलोंची असते आणि तिचा सगळा भार चार पायांवर येतो. त्यात ओल्या मातीच्या पिशव्या, प्लास्टरचे साचे, ग्लेझच्या, म्हणजे भांड्यांवरच्या चकचकीत लेपाच्या, बादल्या. हे सगळं कडीपाटावर चढवू नका. भट्टी तळमजल्यावर, मागच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीलगत, म्हणजे धूर आणि उष्णता थेट बाहेर काढता येते. मुद्राचित्रकारांच्या प्रेसलाही हेच लागू.

दुसरं, मोरी. मातीचं पाणी थेट नळीत सोडलं तर वर्षभरात सगळ्या इमारतीची गटारं तुंबतात. सिंकखाली गाळ बसायची टाकी हवी, आणि ती उपसायची पाळी कुणाची हे आधीच ठरवायला हवं. आमच्याकडे हे ठरलं नव्हतं. दोन मैत्रिणी यावरून कायमच्या दुरावल्या, मला अजून वाईट वाटतं.

तिसरं म्हणजे धूळ. सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका हे बारीक खनिज असतं, फुप्फुसात गेलं की परत येत नाही. वर मोकळं पार्टिशन ठेवायचा सल्ला चित्रकारांसाठी ठीक आहे, मातीकामाच्या खोलीला छतापर्यंत भिंत हवी. आणि झाडू बंद. ओल्या फडक्यानेच पुसायचं.

शाईचा_ठसा

किती नेमकं लिहिताय सगळे! काल संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. पुढच्या भागात पाहता आल्या तेवढ्या चौदा तुळयांपैकी अकरा पक्क्या. तीन मऊ लागल्या, आणि त्या तिन्ही एकाच भिंतीला, जिथे बाहेरून गच्चीचं पाणी उतरतं. काका, तुम्ही म्हणालात तसंच. टेकू लावून घेतले.

पहिल्या मजल्यावर कागदाचे गठ्ठे ठेवायची जागा होती असं मालकांकडच्या आजोबांनी सांगितलं. म्हणजे तिथली जमीन भक्कम असेल का?

चुनासुरखी

कागद फार जड असतो, त्यामुळे बांधतानाच विचार केलेला असू शकतो. पण वर्षानुवर्षं भार सोसून तुळया वाकल्याही असू शकतात. दोन भिंतींमध्ये दोरी ताणून मधला झोल मोजा. जुने नकाशे मालकांच्या कपाटात किंवा परवानगी देणाऱ्या कार्यालयात सापडतात का पाहा. अंदाजावर भट्टी चढवायची नाही, एवढं धरून चाला.

शिडीवाला

अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. मनाला लागलेली एक गोष्ट आधी सांगतो. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत ओकलंड इथे एका गोदामाला आग लागली. लोक त्या जागेला घोस्ट शिप म्हणत. कलाकार तिथे काम करत होते, बेकायदा राहतही होते, त्या रात्री वर संगीताचा कार्यक्रम होता. ३६ माणसं गेली. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी शिंपडणारे नळ, नव्हते, वरून उतरायचा एक जिना लाकडी पॅलेट जोडून बनवलेला होता, आणि तळमजला सामानाने इतका भरलेला की वाट सापडू नये. ती सगळी तुमच्यासारखीच माणसं होती, स्वस्त जागा शोधत आलेली.

म्हणून परवडणारं म्हणताना यात काटकसर नको. तुमच्या इमारतीत जिना एकच आहे असं वर्णनावरून दिसतं. दुसरा जिना हवा, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडी असला तरी चालेल. पहिला मोठा खर्च हाच करा. दारं बाहेर उघडणारी, पॅसेजमध्ये एक खुर्चीसुद्धा नाही, वीज गेली तरी पेटणारे दिवे. कुणीही आपल्या खोलीत पोटमाळा बांधायचा नाही. जुनी वायरिंग सगळी काढा, तिच्यावर नवं काही जोडू नका.

चित्रकारांनी लक्षात ठेवा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ठेवली की आपोआप तापून पेट घेतात. काडी लावावी लागत नाही. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात टाका, रोज.

कडीपाट उघडा ठेवायच्या सूचनेशी मी अर्धाच सहमत आहे. जाड तुळई आगीत हळूहळू कोळसत जाते, मिनिटाला एक मिलिमीटरहूनही कमी, त्यामुळे ती बराच वेळ तग धरते. धोका वरच्या पातळ फळ्यांचा आणि फटींचा. धूर फटींतून वरच्या मजल्यावर जातो. फटी बुजवा, शक्य असेल तर तिथे स्प्रिंकलर घ्या.

खिडकीपाशी

शिडीवाला, मान्य. माझ्या प्रतिसादात हे राहून गेलं. फळ्यांवरून आगरोधक बोर्ड आणि वर नवी जमीन असं करता येईल, म्हणजे खालून लाकूड दिसत राहील. वजन काकांना विचारून.

मंद्रसप्तक

ध्वनिमुद्रणवाल्या जोडीसाठी दोन शब्द. वर मोकळ्या पार्टिशनच्या शेजारी त्यांना मुळीच बसवू नका. आवाज अडवायला जडपणा लागतो आणि दोन जड थरांमध्ये हवेची पोकळी लागते. फोमचे तुकडे भिंतीला चिकटवून आवाज अडत नाही, फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. माझे तीन महिन्यांचे पैसे या गैरसमजात गेले. आणि दाराखाली बोटभर फट राहिली तर भिंतीवरचा सगळा खर्च वाया.

खोलीत खोली बांधावी लागेल, म्हणजे पुन्हा वजन, म्हणजे मागचा आरसीसी भाग. पण तिथे मातीकाम आणि प्रेसही आहेत. मळलेली माती टेबलावर आपटल्याचा दणका जमिनीतून जातो, तो हवेतल्या आवाजापेक्षा अडवायला कठीण. यावर बांधकामापेक्षा वेळापत्रक बरं. आमच्याकडे संध्याकाळी सात ते दहा दणक्याची कामं बंद असतात, आणि ते सगळे पाळतात कारण ते सगळ्यांनी मिळून ठरवलं.

ताळेबंद

आता पैशाचं. भाडं काढताना खर्च भागिले नऊ हजार फूट असं करत असाल तर फसाल.

जिने, पॅसेज, शौचालयं, सामायिक प्रेसची खोली, जाड भिंती हे सगळं वजा करा. भाड्याने देता येईल अशी जागा सहा हजार उरली असं धरू. वर्षभर सगळ्या खोल्या भरलेल्या राहत नाहीत, कुणी सोडून जातं, कुणाचं भाडं थकतं. त्यासाठी आणखी दहा टक्के वजा करा. राहिले ५,४०० फूट. म्हणजे तोच खर्च भागवायला दर फुटाचं भाडं तुमच्या पहिल्या हिशेबापेक्षा दोन तृतीयांशाने जास्त लागेल. सुरुवातीला हे कुणी सांगत नाही, आणि दुसऱ्या वर्षी संस्था कर्जात जाते.

त्यानंतर दुरुस्तीचा खर्च. जी रक्कम तुम्ही भिंती, जिना, वायरिंगवर घालणार ती कराराच्या वर्षांत वसूल व्हायला हवी. दहा वर्षांचा करार असेल तर दर वर्षी दहावा हिस्सा भाड्यावर चढतो. पंचवीस वर्षांचा असेल तर पंचविसावा. व्याज सोडून दिलं तरी इथे अडीच पटीचा फरक आहे. एकही वीट न हलवता भाडं एवढं कमी करणारा दुसरा कुठलाही उपाय मला माहीत नाही. आधी करारातली वर्षं वाढवा, मग फरशीचा विचार करा.

विजेला प्रत्येकाचा वेगळा मीटर. भट्टीची वीज बाहुल्या घडवणारीने भरायची हे चालणार नाही. आणि पहिल्या महिन्यापासून दुरुस्तीनिधी बाजूला काढा, थोडा का असेना. गच्ची परत गळणारच आहे. रस्त्याकडची तळमजल्याची एक खोली बाजारभावाने दुकानाला द्या, तिच्या भाड्यातून वरच्यांचं भाडं हलकं होतं.

पूर्वीचा_भाडेकरू

ताळेबंद यांनी वर्षांचं लिहिलं म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय मी टाळतो.

आम्ही सहा जणांनी एका गोदामाचा मजला घेतला होता. कागदावर तीन वर्षं, तोंडी आश्वासन "तुम्ही राहा हो, कोण काढतंय". आम्ही जमीन सारखी केली, वायरिंग केलं, शौचालय बांधलं, खिडक्यांना स्वतः काचा बसवल्या. दर महिन्याला एक रविवार दारं उघडी ठेवायचो, लोक यायला लागले, गल्लीला नाव झालं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी भाडं दुप्पट. मालकाने कायद्याबाहेर काही केलं नाही. आम्हीच जागेची किंमत वाढवली होती आणि ती मागण्याचा हक्क त्याला कागदाने दिला होता. शेवटच्या दिवशी मी माझ्या हाताने बसवलेल्या खिडकीची कडी लावून किल्ली देऊन आलो.

हे सगळीकडे झालंय. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कलाकार रिकाम्या कारखान्यांत गेले तेव्हा ती जागा कुणालाच नको होती. १९७१ मध्ये शहराने त्यांना तिथे राहून काम करायची मुभा दिली, आणि पुढे तिथल्या जागा श्रीमंतांनी घेतल्या. बर्लिनमधली टाखेलेस नावाची पडकी इमारत १९९० मध्ये पाडायच्या बेतात होती. कलाकारांनी ती ताब्यात घेऊन वाचवली, तिचं नाव जगभर झालं आणि २०१२ मध्ये त्यांनाच बाहेर काढलं.

टिकले ते ज्यांनी मालकीचा प्रश्न सोडवला. लंडनमध्ये १९६८ साली ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी स्पेस ही संस्था सुरू केली, बंद पडलेल्या गोदीतल्या गोदामात. ती जागा थोडीच वर्षं मिळाली, पण तोवर संस्था उभी राहिली होती, ती पुढच्या इमारतीत गेली आणि आजही आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ॲक्मेने पाडायला ठेवलेली घरं थोड्या मुदतीवर घेत सुरुवात केली आणि पुढे स्वतःच्या मालकीच्या इमारती केल्या. हेलसिंकीची केबल फॅक्टरी घ्या. तिथल्या भाडेकरूंनी एकत्र येऊन आपला आराखडा शहरापुढे मांडला. १९९१ पासून ती इमारत शहराच्याच मालकीच्या कंपनीकडे आहे.

शाईचा_ठसा, तुम्ही अकरा व्यक्ती म्हणून सही करू नका. आधी संस्था नोंदवा, सही संस्थेची असू दे. करारात मुदतवाढीचा हक्क लिहून घ्या, भाडं किती आणि कधी वाढणार ते सूत्र लिहून घ्या, आणि इमारत विकायची वेळ आली तर पहिली विचारणा तुम्हाला व्हावी हेही.

शाईचा_ठसा

तुमची खिडकीची कडी वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मालकांशी पुन्हा बसतेय, ही सगळी कलमं घेऊन.

आमच्यात एका गोष्टीवरून मतभेद आहेत. दोघांना तिथे राहायचंही आहे, घरभाडं वाचेल म्हणून.

खिडकीपाशी

राहणं आणि काम करणं एकत्र करता येतं, पण ते बांधकामाच्या परवानगीपासून ठरवावं लागतं. न्यूयॉर्कचं वेस्टबेथ पाहा. बेल प्रयोगशाळेच्या जुन्या इमारतींचा तो समूह रिचर्ड मायर यांनी बदलला आणि १९७० मध्ये कलाकारांना घर-स्टुडिओ म्हणून खुला झाला. पावणेचारशेच्या वर जागा, बऱ्याचशा आतून मोकळ्या, भिंती ज्याने त्याने सोयीने घालायच्या. तिथे लोक आयुष्यभर राहिले, म्हातारे झाले. प्रतीक्षायादी इतकी लांबली की कित्येक वर्षं ती बंद ठेवावी लागली. पण मागे सरकारी आधार होता, दानशूर निधी होता, आणि पहिल्या दिवसापासून ते घर म्हणूनच आखलं होतं.

चोरून राहिलं तर उलटं होतं. न्यूयॉर्कमध्ये लॉफ्टमध्ये, म्हणजे जुन्या कारखान्यांच्या मोकळ्या मजल्यांवर, बेकायदा राहणाऱ्यांचा प्रश्न इतका वाढला की १९८२ मध्ये वेगळा कायदा करून त्या इमारती राहण्यालायक आणि सुरक्षित करायची सक्ती आणावी लागली.

शिडीवाला

झोपलेल्या माणसाला धूर कळत नाही. अकरा जणांची ही पहिली इमारत आहे, त्यात रात्रीचा मुक्काम नको. हात जोडून सांगतो.

ताळेबंद

एक राहिलं. मालमत्ता कर कोण भरणार आणि कशाच्या आधारावर ठरणार ते करारात असू द्या. टोरोंटोत ४०१ रिचमंड नावाचा पत्र्याच्या डब्यांचा जुना कारखाना आहे. १९९४ मध्ये मार्गारेट झाइडलर यांनी तो घेतला आणि कलाकार, छोट्या संस्था, कारागीर यांना भाड्याने दिला. मालकी चांगल्या हातात होती, तरी आसपास उंच इमारती आल्या आणि कर त्या जागेवर काय बांधता आलं असतं यावर लागू लागला. करच भाडं वर ढकलायला लागला. खूप आंदोलन झालं, तेव्हा कुठे शहराने अशा सामायिक सर्जनशील जागांसाठी सवलतीचा वेगळा करगट केला.

नवशिकी

मी विचारू का? मी दिवसा नोकरी करते आणि रात्री लाकडी ठसे कोरते. माझं नाव नाही, प्रदर्शन नाही, महिन्याचं भाडं तर नाहीच परवडणार. अशांना तिथे काही असेल का?

शाईचा_ठसा

असेल. हे तुमच्या निरोपाने ठरलं असं समजा. प्रेसच्या खोलीत एक लांब बाक आणि किल्लीचे कप्पे ठेवतो, तासाच्या हिशेबाने. शाई आणि प्रेस सामायिक. कुणाला घ्यायचं याच्या समितीतही अकराबाहेरची दोन माणसं असावीत असं आता वाटतंय, नाहीतर आम्ही आमच्याच ओळखीच्यांना घेत बसू.

शाईचा_ठसा

पाच आठवड्यांनी लिहितेय. इमारतीचं ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालं.

कार्बोनेशनची चाचणी मी शेजारी उभं राहून पाहिली. मागच्या भागात काँक्रीटचा ताजा तुकडा फोडला आणि त्यावर फिनॉल्फ्थेलिन या रसायनाचे थेंब टाकले. पहिल्या मजल्यावर वरचा सेंटिमीटरभर थर कोरा राहिला आणि त्याखाली लगेच झगझगीत जांभळट गुलाबी. अभियंता म्हणाले, गुलाबी आहे तोवर काँक्रीट सळईला सांभाळतंय. दुसऱ्या मजल्यावर शौचालयाशेजारी तीच चाचणी केली तर रंगच येईना. सळईच्या मागे, बोटभर आत गेल्यावर कुठे फिकट गुलाबी दिसलं. तिथली सळई आधीच पोपडे धरून होती. ते थेंब तिथे नुसते पाण्यासारखे ओघळताना पाहून पोटात खड्डा पडला.

म्हणून मागचा दुसरा मजला सध्या बंद. त्यावर पैसा नाही, भार नाही, पाण्याची जोडणी तोडली. तळमजला आणि पहिला मजला आधी सुरू करतोय. भट्टी आणि दोन्ही प्रेस तळमजल्याला मागे. ध्वनिमुद्रण पहिल्या मजल्यावर मागे, वेळापत्रक ठरवून. पुढचे दोन्ही मजले चित्रकार, बाहुल्या, वाद्यं. पुढचा दुसरा मजला लोखंडी जिना झाल्याशिवाय उघडणार नाही. मुक्काम कुणाचाच नाही, त्या दोघांनीही मान्य केलं.

मालक कुटुंबाशी चार बैठका झाल्या. पंचवीस वर्षं नाही मिळाली. बारा वर्षं, आणि त्यानंतर आणखी आठ वर्षांच्या मुदतवाढीचा हक्क आमच्याकडे, भाडेवाढीचं सूत्र लिहिलेलं. इमारतीची दुरुस्ती करतो म्हणून पहिले चौदा महिने भाडं नाही. विक्रीची पहिली विचारणा संस्थेला. संस्थेच्या नोंदणीचे कागद परवा दिले.

ताळेबंद यांच्या पद्धतीने भाडं पुन्हा काढलं. अकरापैकी दहा जणांना झेपतंय. अकरावी बाहुल्या घडवणारी आहे. तिला अर्धी खोली आणि नवशिकीच्या बाकाशेजारी एक कप्पा, असं तिनेच सुचवलं.

आज कंत्राटदाराच्या यादीवर शेवटचा हात फिरवत होते. त्यात "जिन्याचा कठडा घासून पॉलिश" अशी एक ओळ होती. ती खोडली आणि शेजारी लिहिलं: कठड्याला हात लावू नये, फक्त हलतोय का ते तपासावं.

चुनासुरखी

तपासायचं मी बघतो. शनिवारी सकाळी येतो, त्या तीन तुळयांची टोकंही मला उघडून पाहायची आहेत. शिडी, टॉर्च आणि पाण्याच्या नळावर चढणारं कुणीतरी हलकं माणूस तयार ठेवा.

चाकावरची_माती

मीही येते, गाळाची टाकी कुठे बसेल ते मोजायला.